अ जीवनसत्त्वाचा डोस पाजताना या चुका टाळा

नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाची लस दिली की सिस्टर त्याच वेळी बाळाला १ मिली पिवळसर औषध पाजते. ते १ लाख युनिट अ जीवनसत्त्व. सोळा ते अठराव्या महिन्यात दुसरा डोस, २ मिली म्हणजे २ लाख युनिट. गळती सुरू होते ती इथून. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ मिली पाजायचं असतं, सगळे मिळून ९ डोस. पण टोचायचं काही नसलं की दवाखान्यात जायला निमित्त उरत नाही. "सगळ्या सुया झाल्या न त्याच्या," म्हणून आजी मोकळी होते आणि माता-बाल संरक्षण कार्ड कपाटात जातं.

मधले डोस राहिले असतील तर दोन एकदम पाजून भरपाई करू नका. वयाप्रमाणे एकच डोस, पुढचा सहा महिन्यांनी.

उलटी चूकही होते. नागपुरात धरमपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे डोस झाला, महिनाभराने अंगणवाडीत पुन्हा पाजला, कारण पहिल्याची नोंद कार्डावर नव्हती. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं. म्हणून कुठेही पाजलं तरी तारीख कार्डावर लिहून घ्या. मेडिकलमधून आणलेले मल्टिव्हिटॅमिन थेंब चालू असतील तर तेही सांगा.

बाटलीसोबत १ आणि २ मिलीच्या खुणांचा चमचा येतो. तो हरवला म्हणून घरचा चमचा वापरणं धोक्याचं. ५ मिलीचा चमचा भरला की ५ लाख युनिट होतात. आणि बाटली खिडकीत ठेवू नका! उजेडाने औषधाचा कस जातो, त्यात मे महिन्यात आपलं ऊन ४५ अंशांना टेकतं. फोडलेली बाटली साधारण आठ आठवड्यांत संपवायची असते.

डोसानंतर एखाद्या मुलाला मळमळ, उलटी किंवा डोकेदुखी होते, तान्ह्याची टाळू थोडी फुगते. बहुतेक वेळा दिवस-दोन दिवसांत उतरतं. नाही उतरलं तर दवाखाना गाठा. पाजलेलं ओकून टाकलं तर घरी दुसरा चमचा भरू नका, सिस्टरला विचारा.

गोवर निघाला की औषध बंद आणि कडुलिंबाचा पाला उशाशी, ही तर सर्वांत महागात पडणारी चूक. गोवरात शरीरातलं अ जीवनसत्त्व झपाट्याने घटतं, आणि नेमक्या त्याच वेळी डोळे, फुप्फुसं नि आतड्यांच्या अस्तराला त्याची गरज असते. म्हणून गोवराच्या मुलाला डॉक्टर वयानुसार लागोपाठ दोन दिवस डोस देतात.

मुलं यामुळे खरंच वाचतात का? इंडोनेशियातल्या आचे भागात नेत्रतज्ज्ञ अल्फ्रेड सोमर आणि सहकाऱ्यांना डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी दिसले. तो अभ्यास १९८६ साली छापून आला. उलट उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फरक जेमतेम ४ टक्के निघाला. कमतरता किती, गोवर नि जुलाब किती, यावर फायदा ठरतो, असं मला वाटतं. तेव्हा डोस झाला म्हणून लस राहिली तरी चालते, हा हिशेब चुकीचा.

संत्र्याचंही तसंच. रंग बघून आपण नागपूरकर त्याच्यावर फार विसंबतो. संत्र्याची खरी ताकद क जीवनसत्त्वात. अ साठी कोहळं म्हणजे लाल भोपळा, गाजर, पालक, मुनग्याचा (शेवग्याचा) पाला पुढे. भाजीला तेलाची फोडणी हवीच, नाहीतर अंगी लागत नाही.

संध्याकाळी मूल ठेचकाळतं, समोरची वाटी चाचपडून शोधतं, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसकट डाग दिसतो. असं असेल तर पुढच्या डोसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उपचाराच्या डोसाचं वेळापत्रक वेगळं असतं.