फ्रॉड डेस्कवर नवे आहात? सट्ट्याचा पैसा खात्यात कसा दिसतो ते आधी शिका

बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या फ्रॉड डेस्कवर रुजू झालात की ऑनलाइन सट्ट्याची खाती लवकरच समोर येतात. दिसायला ती अगदी साधी असतात: किराणा दुकान किंवा मोबाईल ॲक्सेसरीजच्या नावाचं चालू खातं, केवायसी पूर्ण, दुकानाचा फोटोही जोडलेला. कागद बाजूला ठेवा आणि स्टेटमेंट उघडा.

खऱ्या किराणा दुकानात 47, 183, 312 अशा सुट्या रकमा येतात. घाऊक व्यापाऱ्याचं देणं, वीजबिल, गाळ्याचं भाडं असं काहीतरी खात्यातून जातंही. सट्ट्यासाठी वापरलेल्या खात्यात 500, 1000, 2000 अशा ठोक रकमा दिसतात. पाठवणारे पाच-सहा राज्यांतले, वेळ रात्री दोनचीसुद्धा. आयपीएल चालू असेल तर संध्याकाळी साडेसातनंतर जमेची रीघ लागते. आलेला पैसा काही मिनिटांत आयएमपीएसने दोन-तीन खात्यांत निघून जातो आणि दिवसअखेर शिल्लक जवळजवळ शून्य. पहिली मोठी जमा येण्याआधी बऱ्याचदा एक रुपयाचा चाचणी व्यवहार झालेला असतो.

फक्त ठोक रकमा बघून मात्र शिक्का मारू नका. क्लासची फी, देणग्या, भिशी यांतही रकमा ठोकच असतात. जमा कशी होते यापेक्षा पैसा बाहेर कसा जातो ते जास्त बोलतं.

ही खाती लागतात कशाला? 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी घातली आणि बँका व पेमेंट कंपन्यांना त्यांचे व्यवहार हाताळायलाही मनाई केली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरळ मार्गाने पेमेंट गेटवे मिळत नाही, म्हणून मग भाड्याची खाती. साइट एक यूपीआय आयडी दाखवते. खेळणारा पैसे पाठवतो आणि बारा अंकी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, तिथे टाकतो. पलीकडे बसलेला माणूस तो जुळवून पाहतो. खातं गोठलं की आयडी बदलतो. त्यामुळे एकच ग्राहक एका संध्याकाळी तीन अनोळखी नावांना 2000-2000 पाठवताना दिसला, तर तीही खूणच समजा.

विश्वास कसा बसवतात तेही माहीत हवं. पहिले 500-1000 रुपये मागितले की लगेच परत मिळतात. मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’ असा निरोप येतो. आयकर कायद्यातला 30 टक्के टीडीएस जिंकलेल्या रकमेतूनच कापायचा असतो, कर म्हणून आधी पैसे मागवायची पद्धत त्यात नाही. ग्राहकाला एवढं समजावलंत तरी पुढचे पैसे वाचतात.

नवख्यांना सर्वात जास्त गोंधळात टाकतं ते जिंकलेल्याचं गोठलेलं खातं. समजा त्याला 8000 रुपये मिळाले, तर ते बऱ्याचदा साइटच्या खात्यातून आलेलेच नसतात. दुसऱ्या कुणाला फसवून जमा केलेला पैसा वळता करून ‘जिंकलेली रक्कम’ म्हणून याच्याकडे पाठवलेला असतो. तो फसलेला माणूस 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग थराथराने, म्हणजे एका खात्यातून पुढच्या खात्यात, सरकतो आणि या खात्यापर्यंत येतो.

असं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, डेस्कवर आलं की यूटीआर, रक्कम आणि आपलं खातं कितव्या थरात आहे ते आधी बघा. सूचना 8000 वर लीन लावायची, म्हणजे तेवढीच रक्कम रोखून ठेवायची असेल तर 8000 वरच लावा. घाईत अख्खं खातं गोठवणं ही नेहमीची चूक आहे, आणि त्यात कुणाचा तरी पगार अडकतो. पैसा पुढे गेला असेल तर पुढच्या बँकेचा तपशील त्याच बैठकीत भरा, चहाला जाऊन आल्यावर नको. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे प्रिन्सिपल ऑफिसरमार्फत, जातो आणि त्याबद्दल ग्राहकाला अवाक्षरही सांगायचं नसतं.

खातेदार शाखेत आला तर नोंदवलेल्या नंबरवर रिंग द्या. टेबलावरचा त्याचा फोन वाजत नाही, तेव्हा सिम कुणाकडे आहे हा प्रश्न आपोआप पुढे येतो. मग एटीएम कार्ड, चेकबुक, ॲप कुणाच्या फोनवर आहे, हे शांतपणे विचारा. समोर बऱ्याचदा थोड्या पैशांसाठी खातं देऊन बसलेला कॉलेजचा मुलगा असतो. दरडावलंत तर तो गप्प बसेल, आणि खातं कुणी घेतलं ते नाव त्याच्याकडेच आहे.

पैसे हरलेला ग्राहक ‘व्यवहार मी केलाच नाही’ म्हणत येतो, तेव्हा लॉग तपासा. पिन त्याच्याच फोनवरून टाकला असेल, तर तो अनधिकृत व्यवहार ठरत नाही आणि तसा दावा टिकणार नाही. पण साइटने पैसे अडकवले असतील तर त्याला तेव्हाच 1930 वर तक्रार करायला लावा. शिक्षेच्या भीतीने तो खरं सांगत नसेल, तर 2025 च्या या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.