रजिस्टरात न सापडणारा रुग्ण : खानदेशात आरोग्य-संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

"ताई, प्राथमिक आरोग्यसेवेवर प्रबंध करायचाय, एखादा विषय सुचवा ना." नवीन पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, आले की असे फोन सुरू होतात. मी विषय सांगण्याआधी विचारते, अभ्यास कुठे बसून करणार? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) ओपीडीत बसणार, रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेणार, महिन्याभरात डेटा तयार.

डेटा तयार होईलही, पण तो पोहोचलेल्यांचा असेल. ओपीडीत आलेल्या माणसाने जीपचं भाडं जमवलेलं असतं, शेतातलं काम सोडलेलं असतं, लेकरं कोणाच्या तरी ओट्यावर ठेवलेली असतात. त्याला 'सेवेबद्दल समाधानी आहात का' असं विचारलं की तो हो म्हणतो, आणि आपण निष्कर्षात लिहितो की तालुक्यात सेवा चांगली उपलब्ध आहे. तुमचा अभ्यास खरं तर न आलेल्याचा आहे. तो घरी आहे, वावरात आहे नाहीतर गुजरातेतल्या बारडोलीच्या उसात आहे, आणि दवाखान्याच्या कुठल्याच रजिस्टरात तो सापडत नाही. नमुना कुठून घ्यायचा हा प्रश्न सोडवलात की निम्मं काम झालं. घरोघर जाऊन घ्या, अंगणवाडीच्या सर्वेक्षण यादीवरून घ्या किंवा आशाताईच्या डायरीवरून घ्या. ओपीडीचा अभ्यास करायचा असेल तर खुशाल करा, फक्त त्याला सेवेची 'पोहोच' म्हणू नका.

मी अमळनेरकडची. धुळ्यात पीएसएम, म्हणजे समाज-वैद्यकशास्त्र, केलं आणि आता जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत फिरतीचं काम करते. पीएसएम घेतलं म्हटल्यावर घरी "म्हणजे दवाखाना नाही टाकणार?" हा प्रश्न ऐकावा लागतो, याची तयारी ठेवा.

वाचन आधी उरकून घ्या, पण त्यात बुडून जाऊ नका. ज्यूलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या गावडॉक्टरने 1971 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की चांगली आरोग्यसेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथेच ती सर्वांत कमी मिळते. पेन्शान्स्की आणि थॉमस यांनी 1981 मध्ये पोहोचेचे पाच पैलू मांडले, लेवेस्क आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्यात रुग्णाच्या बाजूची क्षमता जोडली. माता-आरोग्यावर काम करणार असाल तर थॅडियस आणि मेन यांचं 1994 चं 'तीन विलंबां'चं प्रारूप घ्या : घरात निर्णय व्हायला लागणारा वेळ, वाटेत जाणारा वेळ आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार सुरू होईपर्यंतचा वेळ. सातपुड्यात हे प्रारूप चपखल बसतं, पण त्यातल्या कोणत्या वेळेची नोंद कशी करायची हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

झोळीचंच घ्या. लांब वेळू, त्याला दोन्ही टोकांना गाठ मारून बांधलेली गोधडी किंवा चादर, आत कळा देणारी बाई. दोघे जण खांदा देतात, बाकीचे बरोबर चालतात आणि चढावर खांदा बदलतात. रस्ता जिथे संपतो तिथे 108 ची गाडी उभी असते. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि गाडीच्या नोंदीत वेळ सुरू होते ती फोन लागल्यापासून. नंदुरबारच्या धडगाव-मोलगी भागात फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढावं लागतं, तो वेळ कुठेच येत नाही. झोळी उचलायला पाच-सहा धडधाकट माणसं जमवावी लागतात, तोही वेळ येत नाही. घरं एकमेकांना लागून नसतात, प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, एक या टेकडीवर तर दुसरं त्या. माणसं जमवणं हा पहिला विलंब की दुसरा, यावर आम्ही बैठकीत बराच वाद घातला आहे. माझं मत, त्याचा वेगळा रकाना करा. 'कळा सुरू', 'निर्णय', 'माणसं जमली', 'निघालो', 'गाडीपाशी', 'दवाखान्यात' अशा सहा टप्प्यांची वेळ विचारा. घड्याळ कोणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे कोंबडा आरवला होता का, गुरं सुटली होती का, असं विचारून वेळ बांधावी लागते.

अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका. कागदावर निकष लोकसंख्येचे आहेत : सपाट भागात 5000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 3000 आणि 20,000. शिंदखेड्यात 5000 माणसं दोन-तीन गावांत मिळतात. अक्राणीत, म्हणजे धडगाव तालुक्यात, 3000 माणसं कितीतरी पाड्यांत आणि कितीतरी दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली असतात. नकाशावर समोर दिसणारा पाडा दरी उतरून पुन्हा चढल्यावर येतो. नर्मदाकाठच्या गावांचं तर वेगळंच. सरदार सरोवराचं पाणी मागे पसरल्यामुळे तिथे बोटीने जावं लागतं आणि तरंगता दवाखानाही बोटीवरच असतो. म्हणून चालत किती वेळ, गाडीने किती वेळ, आणि तेच पावसाळ्यात किती वेळ, असे तीन आकडे घ्या. एकाच उपकेंद्राची पोहोच मेमध्ये एक असते आणि ऑगस्टमध्ये दुसरी.

हे पंचांग सांभाळणं नवख्यांना सर्वांत जड जातं. दिवाळी आटोपली की नंदुरबारच्या डोंगरातले आणि साक्री-शिरपूरकडचे पुष्कळ लोक गुजरातेत जातात, कोणी ऊसतोडीला, कोणी बांधकामावर. होळीला परततात. तुम्ही जानेवारीत सर्वेक्षणाला गेलात तर दर चार पावलांवर कुलूप, आणि घरी भेटतात ते म्हातारे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. हाती येणारा नमुना म्हातारा असतो, आणि त्यातून 'या गावात रक्तदाबाचं प्रमाण जास्त' असला शोध लागतो. बरं, होळीला सगळे आले म्हणून त्या आठवड्यात जाल, तर होळीचा भोंगऱ्या बाजार आणि काठी गावच्या राजवाडी होळीच्या गडबडीत तुमच्या प्रश्नावलीपाशी बसणार कोण? होळीनंतर थोडे दिवस जाऊ द्या, मग माणसं निवांत भेटतात. मात्र चैत्र-वैशाखात लग्नं असतात, आणि भुसावळ-रावेरकडे पारा 45 च्या घरात जातो. तेव्हा दुपारी कोणाच्या दारात उभं राहू नका, तुमच्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मजूर पहाटेच कटाईला जातात, तिथे भेट संध्याकाळचीच.

कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊन पुढे जाऊ नका. कुलूप हाही डेटाच आहे. शेजाऱ्याला विचारा : कधी गेले, कुठे गेले, बरोबर लहान मूल आहे का, कोणी गरोदर आहे का. लसीकरणाच्या नोंदीत त्या मुलापुढे 'बाहेरगावी' एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा पुढचा डोस गुजरातेत झाला का हे नंदुरबारला पुष्कळदा कळत नाही, आणि आधीचे कुठले झालेत हे तिकडच्या नर्सला. माझ्या मते खानदेशातला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. कोणीतरी एका हंगामात कुटुंबाबरोबर जाऊन पडावापर्यंत, म्हणजे मजुरांच्या मुक्कामापर्यंत, त्याचा माग काढायला हवा.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते, कारण यात महिने जातात. आधी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी. मग लक्षात घ्या, उपकेंद्रं आणि पीएचसी जिल्हा परिषदेकडे, म्हणजे पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अंगणवाडी महिला व बालकल्याणकडे. एकच पत्र तिन्हीकडे चालत नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत द्याच, नाहीतर पीएचसीतले साहेब "मला वरून काही आलेलं नाही" म्हणतात, आणि त्यांचंही खरंच असतं.

संमतीपत्रकावर अंगठा घेताना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निःपक्ष साक्षीदार लागतो. आशाताईला साक्षीदार करू नका, दुभाषीही करू नका. ती हुशार असते, पाडा तिला तोंडपाठ असतो, पण तिच्यासमोर 'आशा येते का, नर्सबाई भेटतात का' याचं खरं उत्तर कोण देईल? पावरी, मावची किंवा देहवाली बोलणारी कॉलेजातली एखादी मुलगी शोधा, तिला नीट प्रशिक्षण द्या आणि तिचं मानधन अंदाजपत्रकात आधीच धरा. आशाताईचा दिवस फुकटात खाऊ नका हेही ओघाने आलंच. तिचं पोट काही अंशी कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर चालतं, तुमच्याबरोबर फिरण्यात त्या दिवसाची ती कमाई जाते.

दुसरी गोष्ट, कुपोषण तपासायला लहान मुलांचा दंडघेर मोजणार असाल आणि टेप 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेली, किंवा गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 7 च्या खाली आलं, तर तुम्ही फक्त संशोधक राहत नाही. त्या क्षणी काय करणार, कोणाला फोन करणार, मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात कोणत्या गाडीने नेणार, हे प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा. आणि आई "नाही येणार" म्हणाली तर? केंद्रात मुलाजवळ मुक्काम करायचा म्हणजे घरी बाकीच्या लेकरांना भाकरी कोण टाकणार हा तिचा प्रश्न असतो. तिचा नकार नोंदवा, कारणासकट.

कारणांवरून आठवलं. चर्चेच्या प्रकरणात 'अज्ञान व अंधश्रद्धा' असं लिहून मोकळं होण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या एका आजीबाईंना मी विचारलं, उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात, तरी मध्येच का सोडल्या? त्या म्हणाल्या, "गोया ते भेटतस माय, पन रोज बुडस तेन्हं काय?" कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी ओपीडीच्या वेळेत गेलं की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि बरोबर नेणाऱ्या सुनेचीही गेली. गावातला इंजेक्शनवाला मात्र संध्याकाळी सात वाजता घरी येतो आणि पैसे कापूस विकल्यावर घेतो. डोंगरातला भगत रात्री-बेरात्री भेटतो, आपल्या बोलीत बोलतो. मी त्यांच्या उपचारांची तरफदारी करत नाही, बिनपदवीच्या माणसाने दिलेल्या सलाइनचे परिणाम मी पाहिलेत. पण वेळ, उधारी आणि भाषा या तीन गोष्टींत ते आपल्यापेक्षा जवळ आहेत, आणि प्रश्नावलीत या तिन्हींचे रकाने असायला हवेत. खर्च विचारताना औषध आणि तपासणीवर थांबू नका : भाडं, बुडालेला रोज, सोबत आलेल्याचा रोज, वाटेतला चहा-फराळ, सगळं धरा.

संख्याशास्त्रात सगळे नमुन्याच्या 384 या आकड्यावर अडकतात. प्रमाण 50 टक्के, चूक 5 टक्के धरली की सूत्रातून तेवढा आकडा येतो. पण गावं निवडून त्यातली घरं घेतलीत तर एका पाड्यातली माणसं एकमेकांसारखीच असतात, तिथे डिझाइन इफेक्ट, म्हणजे या सारखेपणासाठी नमुना वाढवणारा गुणक, लावावा लागतो, आणि तो 2 धरला की आकडा होतो 768. एकट्या पीजीला सातपुड्यात 768 घरं झेपत नाहीत. त्यापेक्षा एका उपकेंद्राचं क्षेत्र घ्या, तिथलं प्रत्येक घर करा, आणि सोबत मोजक्या सविस्तर मुलाखती घ्या. परीक्षक नाक मुरडतील, मुरडू द्या. मोबाइलवर फॉर्म भरायला कोबो टूलबॉक्स हे ॲप पुरेसं आहे, रेंज नसली तरी चालतं. फक्त पॉवर बँक दोन न्या.

एमबीबीएस करत असाल तर आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप हा चांगला पहिला दरवाजा आहे. दुसरा, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून प्रकल्पांत शिरणं. बीएएमएस, नर्सिंग, एमएसडब्ल्यूवाल्यांनाही इथे जागा आहे, आणि क्षेत्रकामात ते पुष्कळदा एमडींना मागे टाकतात. कंत्राटं अकरा महिन्यांची असतात आणि निधी उशिरा येतो, तेव्हा घरच्यांना आधीच कल्पना द्या. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या जर्नलचे मेल तुम्हाला पहिल्याच वर्षी येऊ लागतील, ते सरळ काढून टाका.

निष्कर्ष मराठीत एका पानावर लिहून पीएचसीच्या मासिक सभेत वाचून दाखवा. तिथल्या आरोग्यसेविका तुमच्या आकड्यांतली चूक मार्गदर्शकाआधी पकडतात.

आणि विषयच हवे असतील तर हे घ्या. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन 1 जुलै 2023 ला सुरू झालं, आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आणि नंतर एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचणीने खात्री हे आता बऱ्याच ठिकाणी होतं. पण एसएस निघालेल्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध दर महिन्याला कुठून मिळतं, ते आणायला त्याचा किती वेळ जातो, आणि तो स्थलांतरावर असताना काय होतं? चोपडा-यावलच्या पायथ्याच्या पाड्यांतली बाई बाळंतपणासाठी जवळचं केंद्र सोडून दूरच्या रुग्णालयात का जाते? साप चावल्यावर पहिला तास कुठे जातो? उन्हाळ्यात केळीच्या आणि वीटभट्टीच्या मजुरांपैकी उष्माघाताच्या नोंदीत किती येतात, आणि नुसतं 'चक्कर आली' म्हणून घरीच किती पडून राहतात? यातला कुठलाही घ्या, फक्त सुरुवात उपकेंद्राच्या सर्वांत लांबच्या पाड्यापासून करा, जवळच्यापासून नको. जवळची घरं संध्याकाळीही होतात.