मुदतीआधीच्या एमओटी चाचणीत गाडी नापास झाल्यास काय करावे
ब्रिटनमध्ये जुन्या एमओटीची (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का हे तपासणाऱ्या सक्तीच्या चाचणीच्या प्रमाणपत्राची) मुदत संपण्याआधीच केलेल्या चाचणीत गाडी नापास झाली, तर दोष कोणत्या वर्गात नोंदवला आहे ते आधी पाहावे. ‘धोकादायक’ असा शेरा असल्यास, जुन्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असली तरी दुरुस्तीपूर्वी गाडी रस्त्यावर आणू नये. २,५०० पौंडांपर्यंत दंड, परवान्यावर ३ पेनल्टी पॉइंट (दंडगुण) आणि वाहन चालवण्यास बंदीही होऊ शकते. दोष केवळ ‘गंभीर’ असेल, तर जुन्या प्रमाणपत्राच्या मुदतीत गाडी चालवता येते. मात्र ती रस्त्यावर नेण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी चालकाचीच असते, आणि झिजून खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरलेल्या टायरसाठी जुने प्रमाणपत्र ही सबब चालत नाही. दुरुस्ती त्याच केंद्रात करून घेणे बहुधा सोयीचे पडते, कारण तेथेच ठेवलेल्या गाडीची अंशतः फेरचाचणी १० कामकाजाच्या दिवसांत विनाशुल्क होते.