फ्रीरेडियस आणि मायएसक्यूएल: लॉगिन अडलं की या चुका टाळा

युझरनं पासवर्ड बरोबर टाकलाय, डेटाबेसमध्ये नोंद आहे, तरी लॉगिन होत नाही. अशा वेळी बरेच जण लगेच टेबल उघडून पासवर्ड बदलत बसतात. तसं करू नका. फ्रीरेडियस हा वाय-फाय वगैरेचं लॉगिन रेडियस या प्रोटोकॉलनं तपासणारा सर्व्हर आणि मायएसक्यूएल हा त्याचा डेटाबेस. नेहमीच्या मांडणीत मायएसक्यूएल पासवर्ड तपासत नाही, साठवलेला पासवर्ड फक्त सर्व्हरच्या हाती देतो. तपासणी पॅप, एमएस-चॅप, ईएपी ही वेगवेगळ्या लॉगिन पद्धतींची मॉड्यूल करतात.

आधी एवढंच बघा: नकार आला, की उत्तरच आलं नाही? उत्तरच नसेल तर पासवर्डचा विचार सोडा. बहुतेकदा एक तर विनंती यूडीपी 1812 पोर्टवर पोचत नाहीये, किंवा सर्व्हर क्लायंटला (विनंती पाठवणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटसारख्या उपकरणाला) ओळखत नाहीये. अनोळखी क्लायंटला रेडियस नकारही कळवत नाही, गप्प बसतो. अ‍ॅक्सेस पॉइंट नॅस टेबलात (अशा उपकरणांच्या यादीत) घातला आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा राहिला, तरी हेच होतं, कारण ते टेबल सर्व्हर सुरू होतानाच वाचलं जातं.

नकार येत असेल तर सर्व्हिस थांबवून सर्व्हर -X (कॅपिटल) लावून डीबगमध्ये चालवा आणि आउटपुट वरून खाली वाचा. शेवटच्या ओळीत फक्त नकार दिसतो, कारण बरंच वर असतं. पॅपच्या विनंतीत पासवर्डच्या जागी अगम्य चिन्हं दिसली, तर दोन्हीकडचं शेअर्ड सिक्रेट (सर्व्हर आणि उपकरण यांच्यातली गुप्त किल्ली) जुळत नाहीये. एसक्यूएलची क्वेरीच दिसत नसेल, तर साइटच्या (सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलच्या) ऑथराइझ विभागात एसक्यूएल मॉड्यूल चालू केलेलं नाही. हे आउटपुट कुणाला मदतीसाठी पाठवण्याआधी त्यातले पासवर्ड पुसा. ते उघडे छापलेले असतात.

क्वेरी चालली, तरी ‘ओळखीचा पासवर्ड सापडला नाही’ अशा अर्थाचा इशारा आला, तर युझरचे पासवर्ड ठेवणाऱ्या रॅडचेक टेबलातली ओळ नीट बघा. क्लिअरटेक्स्ट-पासवर्डसमोर ऑपरेटर := हवा. == म्हणजे विनंतीतल्या किमतीशी तुलना आणि := म्हणजे ही किंमत ठेव. नेहमीच्या स्कीमात त्या रकान्याची डीफॉल्ट किंमत == असते, म्हणून हातानं ओळ भरताना ऑपरेटर विसरला की चूक आपोआप घुसते. ऑथ-टाइप, म्हणजे तपासणीची पद्धत, हीसुद्धा टेबलात घालू नका; योग्य पद्धत सर्व्हरला स्वतः निवडू द्या.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हॅशची, म्हणजे पासवर्डच्या उलट न फिरवता येणाऱ्या रूपाची. सुरक्षिततेसाठी पासवर्ड शा-256 मध्ये ठेवले, चाचणीची कमांड यशस्वी झाली, आणि वाय-फायवर मात्र सगळ्यांना नकार! चाचणीची रॅडटेस्ट ही कमांड डीफॉल्टनं पॅप वापरते, त्यात पासवर्ड सर्व्हरला मूळ रूपात मिळतो, म्हणून हॅश चालतो. पीईएपी या वाय-फायच्या लॉगिन पद्धतीच्या आत सहसा एमएस-चॅप व्ही2 असतं आणि त्याला साधा पासवर्ड किंवा एनटी हॅश (विंडोजच्या पद्धतीचा हॅश) लागतो. दुसऱ्या हॅशमधून तो काढता येत नाही, कितीही सेटिंग बदला. तेव्हा साधा पासवर्ड ठेवायचा नसेल तर सोपे पर्याय दोन: एनटी हॅश साठवा, किंवा टीटीएलएसच्या (ईएपीच्याच दुसऱ्या एका प्रकाराच्या) आत पॅप वापरा. वाय-फायची चाचणी ईएपीओएल-टेस्ट या कमांडनंच करा, आणि आतली तपासणी करणाऱ्या इनर-टनेल साइटमध्येही एसक्यूएल चालू आहे ना, ते पाहा.

काल चालणारा युझर आज अडला आणि एकाच वेळी एकच लॉगिन अशी मर्यादा लावलेली असेल, तर लॉगिन सत्रांची नोंद ठेवणारं रॅडॅक्ट (radacct) टेबल तपासा. उपकरणाची वीज गेली की सत्र संपल्याचा निरोप सर्व्हरला मिळत नाही, थांबण्याची वेळ रिकामी राहते आणि युझर अजून आतच आहे असं सर्व्हर धरून चालतो. उपकरणावर ते सत्र खरंच नाही ना, ही खात्री करून तेवढीच नोंद बंद करा.