खाली कढत, वर कोमट

गेल्या दिवाळीत नरकासुर जाळून मुलगे पहाटे घरी आले, तुळशीपुढं कारीट फोडलं आणि वरच्या न्हाणीत गेले. नळाला करंगळीएवढी धार, तीही कोमट. खालच्या न्हाणीत मात्र हात पोळेल असं पाणी. पाणी तापवायचं सोलर बसवणारा फोनवरच म्हणाला, "काकी, टाकी बदला." टाकी सोलरचीच होती, पण दुखणं तिचं नव्हतं.

आधी बादली घ्या. अर्ध्या इंची पायपात मीटरला साधारण सव्वाशे ते दोनशे मिली पाणी मावतं. सोलरपासून न्हाणीपर्यंत वीस मीटर पाईप असला, तर पहिलं अडीच ते चार लिटर थंडच येणार. त्यानंतर गरम आलं तर बिघाड नाही. पायपाला फोमचं वेष्टण घाला, झालं.

आमच्याकडे बादली भरली तरी कोमटच. मग आठवलं, दोन दिवसांपूर्वी गच्चीवरची, सोलरला पाणी देणारी थंड पाण्याची टाकी धुवायला रिकामी केली होती. पाणी परत भरलं, पण पायपात हवा अडकली. वरच्या न्हाणीकडे वळणारा पाईप एका क्लॅम्पाजवळ उंटाच्या पाठीसारखा वर आलेला. हवा तिथंच बसते. खालच्या मजल्याला पाण्याचा दाब जास्त, म्हणून तिथं धार येत राहते.

उपाय पहाटे करा, सोलरच्या काचेच्या नळ्या उन्हानं तापायच्या आधी. गरम पाण्याचे बाकीचे नळ बंद. अंगणातल्या सरकारी नळाची (टाकीतून येणाऱ्या नव्हे) रबरी नळी वरच्या गरम नळाला घट्ट बांधायची, तो नळ पूर्ण उघडायचा आणि पाणी उलटं सोडायचं. वर सोलरच्या उभ्या हवेच्या पायपातून गुळगुळ आवाज येतो, मग पाणी ठिबकतं. तेवढ्यावर थांबा. मी खालून ओरडत होते, आमचे हे वरून ओरडत होते, शेजारीण घाबरून धावत आली. नंतर क्लॅम्प सोडून पायपाला सलग उतार दिला. हे केलं नाही, तर पुढच्या वेळी टाकी धुतली की तेच पुन्हा.

धार जोरात पण पाणी कोमट, असं असेल तर न्हाणीतल्या मिक्सरवर (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळावर) संशय घ्या. हँडशॉवरचं बटण बंद, पण दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या, तर थंड पाणी गरम पायपात शिरतं आणि दुसऱ्याच न्हाणीला कोमट मिळतं. मिक्सरखालची थंड पाण्याची चावी बंद करून पाहा.

सगळीकडेच कोमट असेल, तर काचेच्या नळ्या पाहा. नळीच्या टोकाची चंदेरी चकाकी पांढरी पडली असेल, तर आतली निर्वात जागा गेली, नळी बदला. दक्षिणेकडचा माड वाढून सावली पडते का तेही बघा. आमच्या माडाच्या दोन झावळ्या उतरवाव्या लागल्या. आणि रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत भर दुपारी थंड पाणी सोडू नका. तडकतात. आमची एक गेली आहे.