फणसोंबा ओळखायचा कसा, उगाळायचा कसा

तोंड आलं की कोकणातल्या घरांत फणसोंबा ही अळंबी उगाळून लावतात, पुण्यात आलेल्या मंडळींनीही ते सोडलेलं नाही. पण टेकडीवर फिरताना दिसली अळंबी की तोडली आणि घरी आणली असं प्लीज करू नका, आधी नीट बघायला शिका.

फणसोंबा म्हणजे जुन्या फणसाच्या खोडावर येणारी टणक अळंबी, फेलिनस गटातली, वर्षानुवर्षं थर चढत वाढते. वरून काळपट, जुनी असेल तर भेगाळलेली, फोडली की आतून पिवळट तपकिरी. उलटी करून बघा, खाली पडद्या नसतात, बारीक बारीक छिद्रं असतात आणि तो भागही तपकिरीच. गोंधळ होतो तो गॅनोडर्माशी, गुलमोहराच्या बुंध्याशी येते ना ती, वरून लालसर चकचकीत, ताजी असताना खालून पांढरी, नखाने ओरखडलं की तपकिरी रेघ उठते. तिच्या जातभाईंना चीन-जपानमध्ये औषध म्हणून मोठा मान आहे, पण तो फणसोंबा नव्हे.

माझं मत विचाराल तर झाडावरून काढूच नका, पेठेतल्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, तो वैद्यांना दाखवून घ्या. तुकडा धुवायचा, सहाणेवर पाण्याचे थोडे थेंब टाकून सावकाश उगाळायचा, दाटसर गंध झालं की स्वच्छ बोटाने फोडावर किंवा हिरडीवर लावायचं, लाळ सुटेल ती थुंकून टाकायची. लहान मुलांची लाळ फार गळत असेल तरी हिरड्यांना लावायची पद्धत आहे, पण तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. आणि मोठ्यांचा फोड दोन आठवड्यांत भरला नाही, त्यातून तंबाखूची सवय असेल, तर उगाळत बसू नका, सरळ तपासून घ्या. उरलेला तुकडा पूर्ण सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा.

अळंबी जवळ ठेवायची माणसाची सवय फार जुनी. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्याकडे बर्चवरच्या अशाच अळंबीचे दोन तुकडे चामड्याच्या पट्टीत ओवलेले होते.

सोसायटीतल्या झाडाच्या बुंध्याशी अळंबी दिसली तर नुसती खरवडून उपयोग नाही, बुरशी आत लाकूड कुजवत असते आणि मग वादळात झाड पडतं, म्हणून पावसाळ्याआधीच महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा, झाड परस्पर तोडू मात्र नका, शहरातल्या झाडांच्या जतनासाठीच्या महाराष्ट्राच्या 1975 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते.