खडीच्या खाणीवर नव्याने रुजू होताय? आधी गाळाचा हिशेब मांडा

खडीच्या खाणीवर पर्यावरणाचं काम घेतलं की सुरुवातीलाच दोन फायली हातात येतात. एक वॉशिंग प्लांटच्या पाण्याच्या पुनर्वापराची आणि दुसरी खाणबंदी आराखड्याची, म्हणजे खोदलेली जमीन पुन्हा उभी करण्याची. फायली दोन असल्या तरी काम एकच आहे. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धुतलेलं पाणी जितकं नीट परत मिळवाल, तितका गाळ साचणार. तो गाळ शेवटी त्याच खड्ड्यात जातो, ज्यावर तुम्हाला झाडं उभी करायची असतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर सुरुवातीची वर्षं इतकी जड गेली नसती.

थिकनर म्हणजे गाळ तळाशी बसवून वरचं पाणी परत देणारी टाकी. ती विकणारा सांगतो, ‘90 टक्के पाणी परत.’ तो खोटं बोलत नाही, पण तो फक्त त्याच्या टाकीपुरतं बोलतो. तुम्ही पूर्ण प्लांटचा हिशेब करा. समजा, तासाला 100 टन माल धुताय आणि त्यात 12 टक्के बारीक भुकटी आहे. म्हणजे 12 टन गाळ. थिकनरच्या तळातून निघणाऱ्या गाळात 40 टक्के घन भाग असला तर तो सोबत 18 टन पाणी घेऊन जातो. उरलेली 88 टन वाळू 12 टक्के ओलीने निघाली तर आणखी 12 टन गेलं. तासाला 30 हजार लिटर पाणी असंच बाहेर पडतं. हाच गाळ फिल्टर प्रेसमधून, म्हणजे गाळ दाबून पाणी पिळून काढणाऱ्या यंत्रातून, 20 टक्के ओलीची घट्ट वडी (केक) करून काढला, तर त्यातून जाणारं पाणी 18 टनांवरून 3 टनांवर येतं. मालकांना प्रेस महाग वाटतो. एप्रिल-मेमधल्या टँकरची बिलं शेजारी ठेवून बोला, ऐकतात.

आता खरा धोका. इथे मी लांबण लावणार आहे, कारण मी तो जवळून पाहिलाय.

प्रेस नसेल तर स्लरी, म्हणजे पातळ गाळ, जुन्या खड्ड्यात सोडली जाते. उन्हाळ्यात वरचा थर वाळतो, भेगा पडतात, गुरंसुद्धा वरून चालायला लागतात. खड्डा भरला, आता माती टाकू, असं सगळ्यांना वाटतं. मी आधी जिथे होतो, तिथे अशाच भरलेल्या खड्ड्यावर मुरूम पसरायला पोकलेन घातला. काठापासून थोडं आत गेल्यावर तो एका बाजूने बसायला लागला. ऑपरेटर वेळेत बाहेर पडला म्हणून वाचला. दुधावर साय धरावी तसं ते वरचं कवच होतं. खाली गाळ तसाच ओला होता.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. ही भुकटी बहुतांशी 75 मायक्रॉनपेक्षा बारीक असते. इतक्या बारीक कणांमधलं पाणी सहज सुटत नाही. वरचा थर वाळला की तोच झाकण बनतो आणि खालची वाफ अडवतो. आपल्याकडचा काळा पाषाण भेगा सोडल्या तर पाणी मुरू देत नाही, त्यामुळे तळातूनही निचरा नाही. वर्षं जातात, आत चिखल तसाच. त्यावर माती टाकली की वजनाने तो बाजूला सरकतो आणि कवच फुटतं. म्हणून भेगा पाहून कधीही निष्कर्ष काढू नका. काठावर उभं राहून, कमरेला दोर बांधून, सोबत माणूस ठेवून लांब सळई खुपसा. हाताच्या जोराने ती सरसर आत गेली तर तिथे यंत्र नाही, माणूस नाही, फक्त कुंपण आणि फलक. ते कुंपण त्याच दिवशी मागा, लेखी मागा.

घाबरून नोकरी सोडू नका. यावर उपाय आहे. नव्या खड्ड्यात तळाला डबराचा थर द्या, म्हणजे निचऱ्याला वाट मिळते. केक मुरमात मिसळून पातळ थरांत टाका, प्रत्येक थर दाबा. भुकटी मुळांच्या थरात येऊ देऊ नका. ती पावसाने चोपून घट्ट होते आणि पाणी आत शिरत नाही. तिच्यावर मुरूम आणि त्यावर राखून ठेवलेली वरची माती. ही माती खाण उघडतानाच वेगळी काढावी लागते. कमी उंचीच्या ढिगात, गवत पेरून. ती एकदा ओव्हरबर्डनमध्ये, म्हणजे दगडावरून काढलेल्या टाकाऊ माती-मुरमात, मिसळली की परत मिळत नाही.

फ्लॉक्युलंटबद्दल, म्हणजे बारीक कण एकत्र करून खाली बसवणाऱ्या रसायनाबद्दल, थोडक्यात. पाणी गढूळ दिसलं की डोस वाढवणं हा सर्वांचा आवडता शॉर्टकट, आणि मला तो अजिबात पटत नाही. आधी काचेच्या नळकांड्यात चाचणी घ्या. पावडर पाण्यात नीट विरघळायला सुमारे तासभर द्या, आणि फार जोरात घुसळू नका, रसायनाच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. हे मला प्लांटच्या ऑपरेटरने शिकवलं. सल्लागाराच्या जाड अहवालात ते नव्हतं. गुरू शोधायचा असेल तर रात्रपाळीच्या ऑपरेटरजवळ बसा.

झाडांच्या बाबतीत सुबाभूळ लावून हिरवा फोटो काढण्याचा मोह टाळा. ती पसरते आणि दुसऱ्या कशाला जागा देत नाही. करंज, कडुनिंब, बोर, आपटा सावकाश वाढतात, पण इथलेच आहेत. केनियात मोंबासाजवळच्या बांबुरीच्या चुनखडी खाणीत रेने हॅलर यांनी 1971 मध्ये काम सुरू केलं, तेव्हा लावून पाहिलेल्या 26 जातींपैकी फक्त 3 टिकल्या. त्यातल्या सुरूच्या झाडांनी पुढे माती तयार व्हायला मदत केली, आणि आज तिथे जंगल आहे. म्हणून पहिल्या वर्षी रोपं मेली तर खचून जाऊ नका. 5 जूनच्या पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमासाठी रोपं लावायला सांगतील, तेव्हा दोन-चार रोपं लावून वेळ निभावून न्या. बाकीची दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर लावा. जिवंत रोपांची मोजणी मार्चअखेरीला करा आणि अहवालात तोच आकडा लिहा, कितीही कमी असला तरी.